हिरडीवरची गाठ आणि दप्तराची झडती

पत्राचा सारांश, नाव-पत्ता राखून: पत्र नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका आईचं आहे. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधोमध, हिरडीवर एक लाल गाठ आली आहे. तीन महिन्यांपूर्वी ती मसुराएवढी होती, आता हरभऱ्याहून मोठी आहे. दुखत नाही, पण ब्रश लागला की रक्त येतं. जवळच्या दातांच्या डॉक्टरांनी ‘काढू आणि तपासायला पाठवू’ असं सांगितलं आणि त्या ‘तपासायला’नं घर हादरलं. सासूबाई म्हणतात, “उष्णता हाये, उतरन आपोआप. काहून कापता पोरीले?” त्या रोज तुरटी लावतात. जाऊबाई म्हणतात, कापलं की पसरतं. मिस्टर म्हणतात, परीक्षा होऊ दे, मग बघू. थोरले दीर खर्ऱ्यापायी (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) तोंडाच्या कॅन्सरनं गेले आणि मिस्टरांचा खर्रा अजून सुटलेला नाही. मुलगीही चोरून खात असेल या संशयानं आईनं तिच्या दप्तराची झडती घेतली. खर्ऱ्याची पन्नी सापडली नाही, पण मुलीनं ते पाहिलं. तेव्हापासून ती आईशी धड बोलत नाही आणि शाळेत तोंडावर हात ठेवून हसते. आईचा प्रश्न असा: कापू की थांबू? आणि हा कॅन्सरच असला तर?

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. तो डोक्यात असेपर्यंत पुढचं काही तुमच्या मनात उतरणार नाही.

तेराव्या वर्षी, पुढच्या दातांमधल्या हिरडीवर आलेली, न दुखणारी, लाल आणि हात लागताच रक्त येणारी एकच गाठ बहुतेक वेळा साधी निघते. मुलांच्या हिरडीत वाईट गाठ होतच नाही असं कुठलाही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही, पण ती फार विरळा. तुमच्या दिरांच्या आजाराचा रस्ताच वेगळा होता. वर्षानुवर्षं गालात धरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, असा तो रस्ता. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही. पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत रात्ररात्र जागण्याजोगं मला काही दिसलं नाही. दाखवायला उशीर करू नये, एवढं मात्र आहे.

आता ‘तपासायला पाठवू’बद्दल. डॉक्टरांना संशय आला म्हणून ते तसं म्हणाले, असं तुम्ही धरून चालला आहात. तोंडातून काढलेला कुठलाही वाढीव तुकडा बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवायचा, ही रीत आहे आणि चांगल्या दवाखान्यात ती मोडत नाहीत. मला काळजी वाटते ती तुकडा काढून बादलीत टाकणाऱ्यांची. हिरडीवरच्या गाठी वरून एकमेकींसारख्या दिसतात. नक्की कुठली, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. तुमच्या मुलीच्या वयात त्या जागी प्रामुख्यानं तीन गाठी येतात. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा ही लाल, मऊ आणि लगेच रक्त येणारी. पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा ही जराशी टणक आणि गुलाबी. १० ते १९ या वयात आणि मुलींमध्ये जास्त, बहुधा पुढच्या दातांपाशीच, आणि पुष्कळदा हिच्या आत हाडासारखे कण तयार झालेले असतात. तिसरी पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा, निळसर-जांभळी, जी कधीकधी खालच्या हाडात खळगा पाडते. तिन्हींपैकी एकही कॅन्सर नाही. पण कुठली गाठ मुळापासून खरवडून काढायला हवी आणि कुठली परत उगवण्याची शक्यता जास्त, ते तपासणीच्या रिपोर्टवरूनच ठरतं. दुसरीचंच घ्या, काढल्यावरही १०० पैकी साधारण ८ ते २० जणांत ती परत येते. रिपोर्टवर ही लांबलचक नावं दिसली की छातीत धस्स होईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ‘उष्णता’ म्हणून त्या जे बघताहेत, त्यात थोडं तथ्य आहे. वयात येताना शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि हिरडीतल्या रक्तवाहिन्या जरा जास्तच हुळहुळ्या होतात. दातांच्या मुळाशी साचलेला जो थर एरवी हिरडी निमूट सोसते, त्यानंच ती आता फुगते. गरोदर बायकांच्या हिरडीवर अशीच गाठ येते, सासूबाईंनी ती कुणाच्या तरी तोंडात पाहिलीही असेल. त्यांचा अंदाज चुकतो तो पुढे, ‘उतरन आपोआप’ इथे. गाठीतून रक्त येतं म्हणून पोर तिथे ब्रश फिरवत नाही. फिरवत नाही म्हणून थर वाढतो, त्याचं किटण होतं, आणि किटण हिरडीला रात्रंदिवस टोचत राहतं. गाठ आणखी वाढते, रक्त आणखी येतं, ब्रश आणखी लांब राहतो. नुसतं वाट बघून हे चक्र थांबत नाही.

तुरटीनं मोठं नुकसान झालं असेल असं नाही, पण आता बंद करा. सुजलेल्या हिरडीला ती चुरचुरते, वरचा पापुद्रा पांढरा पडतो आणि डॉक्टरला मूळ रंग दिसत नाही. लवंगेचं तेल कापसानं दाबून ठेवणं किंवा दुखण्याची गोळी कुटून लावणं यांनी हिरडी चक्क भाजते. गाठीला दोरा बांधून ती ‘पाडायचा’ सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. आणि घरात कुणी मशेरी किंवा गुल लावत असेल, तर ते बोट मुलीच्या हिरडीला लागता कामा नये. त्यात तंबाखू असते.

जाऊबाईंची भीती विदर्भातल्या कितीतरी घरांत मी ऐकली आहे, आणि ती कुठून येते तेही समजतं. आपल्याकडे तोंडाचा आजार घेऊन माणूस दवाखान्यात पोचतो तोच फार उशिरा. तुकडा काढला जातो, आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत माणूस ढासळतो. घरच्यांच्या लक्षात सुरी राहते. आधीची गेलेली वर्षं कुणी मोजत नाही. तोंडातला तुकडा तपासायला काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. साधी गाठ तर पसरण्याचा प्रश्नच नाही. ती परत येऊ शकते, पण ते मूळ अर्धवट राहिल्यानं किंवा किटण तसंच राहिल्यानं.

राहिले मिस्टर. त्यांच्या ‘मग बघू’ला मी अर्धेच मार्क देते. थांबणं हाही कधीकधी उपचार असतो, पण त्याआधी काहीतरी करावं लागतं आणि थांबण्याला तारीख लागते. गाठ लहान असेल, तर आधी दात साफ करून घेऊन, ज्याला दवाखान्यात स्केलिंग म्हणतात, मऊ ब्रशनं नीट घासून दोन-तीन आठवडे बघणं योग्यच आहे. काही गाठी एवढ्यानं बऱ्यापैकी बसतात आणि मग काढायचा भाग लहान राहतो, रक्तही कमी जातं. तुमच्या घरात मात्र तीन महिने काहीच न करता गेलेत आणि गाठ वाढतेय. या आठवड्यात दाखवा, सफाई करून घ्या. मग काढण्याचा दिवस परीक्षेच्या आधीचा की नंतरचा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. काम हिरडीत सुई देऊन बसल्या बसल्या होतं, साधारण अर्ध्या तासाचं, आणि मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकते. परीक्षेचा एवढा बाऊ नको.

थांबायचंच नाही अशी लक्षणंही सांगते. हिरडी एकाच जागी नाही तर सगळीकडे फुगलीय, न लागता रक्त येतंय, सोबत अंगात ताप, चेहरा पांढुरका, अंगावर निळे डाग, थकवा असं काही असेल, तर दातांच्या डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत वाट बघू नका. त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरकडे जा आणि सीबीसी ही रक्ततपासणी करा. रक्ताच्या कॅन्सरच्या काही प्रकारांत पहिली खूण हिरडीत दिसते. गाठ आठवड्याआठवड्याला झपाट्यानं वाढणं, पक्के दात हलू लागणं, ओठ बधिर होणं, दोन आठवड्यांत न भरणारी जखम तोंडात असणं, यांनाही थांबायला जागा नाही. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तरी तिला एकदा खिडकीच्या उजेडात बसवून बघा.

जाल तिथे डॉक्टरांना काय विचारायचं? एक, त्या जागेचा छोटा एक्स-रे काढणार का, म्हणजे हाडात काही आहे का ते कळेल. दोन, गाठ बुडासकट काढून शेजारच्या दातांची मुळं साफ करणार का. आणि तुकडा तपासायला पाठवणार ना, हे तर विचाराच. विशेषतः ‘लेझरनं रक्त न येता काढू’ अशी पाटी असेल तिथे. लेझर वाईट नाही, रक्त खरंच कमी येतं, पण गाठ जाळूनच टाकली तर तपासायला उरतं काय? पुढच्या दातांमधली जागा आहे, तेव्हा काढल्यावर हिरडीत लहानशी फट किंवा खाच राहू शकते हेही आधी विचारून घ्या. बहुतेकदा ती काही महिन्यांत बरीच भरते, नाही भरली तर त्यालाही उपाय आहेत. हे मुलीसमोर बोला. आरसा तिलाच बघायचा आहे.

एक गोष्ट आपल्या भागासाठी खास. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. मुलीची तपासणी झाली असेल तर कार्ड सोबत न्या, झाली नसेल तर रक्ततपासणीत तेही करून घ्या. सिकलसेल असला तरी असं छोटं काम करता येतं, फक्त डॉक्टरांना आधी माहीत हवं. घरात कुणाला जखमेचं रक्त लवकर न थांबण्याचा त्रास असेल तर तेही सांगा.

खर्चाची चिंता तुम्ही लिहिली नाहीत, पण असतेच. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय तुमच्या घरापासून दूर नाही. तिथे लहान मुलांच्या दातांचा, हिरड्यांचा आणि तोंडातले तुकडे तपासण्याचा, असे तिन्ही विभाग एका छताखाली आहेत. सकाळी लवकर जाऊन चिठ्ठी काढा, डबा सोबत घ्या; रांगेत दुपार होते. शिकाऊ डॉक्टर बघतील म्हणून नाक मुरडू नका, त्यांच्यामागे शिकवणारे उभे असतात, आणि खाजगी दवाखान्यात पाच मिनिटांत आटोपणारी विचारपूस तिथे अर्धा तास चालते. तुमच्या जवळच्या डॉक्टरांवर विश्वास असेल तर त्यांच्याकडेच करा. पहिल्याच भेटीत त्यांनी तपासणीचं नाव काढलं, हे मला आवडलं.

काढून झाल्यावर ओला गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) दाबून १५-२० मिनिटं धरायचा आणि त्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही. आठवडाभर तर्री, चिवडा आणि सावजीचा रस्सा बंद. दहीभात, गार खिचडी, आइस्क्रीम चालेल. दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेलीच गोळी. ॲस्पिरिन तर नकोच.

आता दप्तर.

तुम्ही घाबरून झडती घेतलीत, हे मला कळतं. ज्या घरानं एक माणूस खर्ऱ्यात घालवलाय त्या घरात हिरडीवरचा लाल ठिपकाही पोलीस केस होतो. पण मुलीच्या बाजूनं बघा. तिच्या तोंडात काहीतरी वाढतंय, आरशात तिला ते रोज दिसतंय, रक्त येतंय, त्याच घरात काका गेल्याचं तिला आठवतंय, आणि आईनं विचारलं नाही तर शोधलं. ती शाळेत तोंडावर हात ठेवते ते लाजेनं. त्यात भीतीही असणार, फक्त ती बोलणार नाही.

आणि वैद्यकाच्या हिशेबानंही तुमचा संशय गाठीशी जुळत नाही. खर्ऱ्याच्या खुणा वेगळ्या. जिथे तो धरतात तिथे, गालाच्या आत किंवा खालच्या ओठामागे, पांढरट, सुरकुतलेला चट्टा पडतो. तिखट सोसेनासं होतं, आतली कातडी राठ होते, पुढे तोंड उघडायला कमी पडतं. वरच्या पुढच्या दातांमधली लाल गाठ या यादीत बसत नाही. शाळेजवळच्या पानठेल्यावर मुलं काय घेतात याची काळजी मात्र रास्त आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकणं २००३च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी पोरांच्या हातात पन्नी दिसते, हे आपण सगळेच बघतो. आणि ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी’ हाही दिलासा नाही. नुसत्या सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो. या विषयावर मुलीशी जरूर बोला, पण वेगळ्या दिवशी, गाठ मध्ये न आणता.

गाठीबद्दल बोलताना आधी झडतीचं मिटवा. “मी घाबरले होते, तुला विचारायला हवं होतं,” एवढं पुरे. लांबण लावलीत तर ती कान बंद करेल. मग डॉक्टरकडे काय होणार ते तिला तिच्या भाषेत सांगा, प्रश्न तिलाच विचारू द्या, आणि तिथे पाच मिनिटं तुम्ही बाहेर थांबा. या वयाची मुलं आईसमोर ‘हो-नाही’वर भागवतात आणि आई बाहेर गेली की सगळं सांगतात. तिनं दात घासले नाहीत म्हणूनच हे झालं, असं तिच्यासमोर कुणी म्हणू नका. २००७ पासून वैद्यकात मुलांच्या हिरडीवरच्या एका वेगळ्याच लाल, मखमली चट्ट्याची नोंद आहे. तो कितीही घासलं तरी जात नाही, आणि त्यापायी कित्येक मुलांनी फुकटच्या शिव्या खाल्ल्या असतील. तुमच्या मुलीचं ते असेल असं नाही, पण दोष द्यायची घाई नको.

असंच काहीसं घरात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हिरडीवर दात यायच्या जागी निळसर फुगा दिसला, तर बहुधा तो येणाऱ्या दाताभोवतीचा असतो, दात वर आला की फुटतो, टोचू नका. किडलेल्या दुधाच्या दाताजवळ पिकलेली पुळी येत-जात असेल तर ती आतल्या पुवाची वाट आहे, दात दाखवलाच पाहिजे. ‘पडणारच आहे’ म्हणून सोडू नका, खाली पक्का दात तयार होत असतो. पुळीसोबत गाल सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी जा. नवजात बाळाच्या हिरडीवरचे पांढरे मोती काही आठवड्यांत जातात, पण जन्मतःच मोठी गाठ असून दूध ओढता येत नसेल तर लगेच दाखवा. तारा लावलेल्या आणि तोंडानं श्वास घेणाऱ्या मुलांच्या पुढच्या हिरड्या सुजतात. तिथे ब्रशसोबत नाकाचं कारणही शोधावं लागतं. आणि फिट्सच्या मुलांच्या आईवडिलांनो, फेनिटॉइननं हिरडी वाढते हे खरं आहे, पण ती गोळी मनानं बंद करायची नाही. फिट उलटून येईल. मेंदूच्या आणि दातांच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

ताई, एक आगाऊपणा करते. तुमचं पत्र वाचताना त्या घरातल्या ज्या तोंडाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, ते मुलीचं नाही. ‘काही होत नाही, मग बघू’ म्हणणाऱ्या माणसाचा सख्खा भाऊ खर्ऱ्यानं गेलाय आणि स्वतःचा खर्रा चालू आहे. मुलीला नेणार त्याच दिवशी त्यांनाही सोबत न्या, तिला धीर द्यायला म्हणून न्या हवं तर, आणि त्यांच्याही नावाची चिठ्ठी काढा. घरी आधी एवढंच बघा: आपलीच तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात का, आणि गालाच्या आत कुठे पांढरं किंवा लाल काही आहे का. सोडायचं मनावर घेतलं तर १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. तुम्ही म्हणून ते ऐकणार नाहीत, हे मला माहीत आहे. मुलगी म्हणाली तर कदाचित ऐकतील. पण तिला पुढे करू नका, तिच्यावर सध्या पुरेसं ओझं आहे.

गाठ निघाली, रिपोर्ट हातात आला, की तो फाइलमध्ये जपून ठेवा. परत काही उगवलं तर पुढच्या डॉक्टरला पहिला प्रश्न तोच असेल. पहिल्या वर्षात महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं अशी जागा दाखवत राहा, आणि दर सहा महिन्यांनी दातांची सफाई करा. मधल्या काळात त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात महिन्याला एक फोटो काढायचा. तिच्या फोनवर, तिनंच काढलेला. तो तिनं तुम्हाला दाखवायचा की थेट डॉक्टरला, ते तिला ठरवू द्या.